जोते नसलेली खोली

गोव्यातल्या जुन्या घरात शिरायचे म्हणजे आधी चढावे लागते. चार पायऱ्या तरी असतातच, आणि घर भाटकाराचे किंवा देसायाचे असेल तर आठ-दहासुद्धा. त्या चढून वसरी, वसरीतून चौकी, मग राजांगण. देवळाला चढावे लागते, अंगणातली तुळससुद्धा वृंदावनाच्या चौथऱ्यावर उंच बसलेली असते. ही उंची आपण बहुधा मानमरातबाशी जोडतो. ते खोटे नाही. पण ज्या मुलखात चार महिन्यांत सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे जोते हा आधी जमिनीच्या ओलीपासून दूर राहण्याचा उपाय असतो. मान त्याच्या मागून येतो.

याच घराच्या आवारात आज एक खोली अशी असते, जिला जोते नाही. ती म्हणजे गॅरेज. मृग लागला की तिच्या जमिनीवर काळसर नकाशे उमटू लागतात. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी पूड धरते. कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या पुस्तकांच्या खोक्याला तळाकडून बुरशी चढते. मग गवंड्याला बोलावणे जाते. तो म्हणतो, वरून सिमेंटचा एक हात मारूया. हात मारला जातो, दिवाळीपर्यंत सगळे कोरडे ठणठणीत दिसते, आणि पुढच्या आषाढात ओल आपल्या जागी हजर!

ही ओल गॅरेजच्याच वाट्याला का आली, आणि आपल्या आधीच्या पिढ्या तिच्याशी कशा वागल्या, हे पाहिले तर गवंड्याला काय सांगायचे ते आपोआप कळते. प्रश्न केवळ एका खोलीच्या जमिनीचा नाही. त्या जमिनीवर जे काही आपण करतो त्याचा परिणाम शेजारच्या चिऱ्याच्या भिंतीवर होतो, आणि ती भिंत अनेकदा आजोबा-पणजोबांच्या घराची असते.

मचिला, गोठा आणि मोटार

गॅरेजच्या आधी काय होते? सधन घरांतून मचिला होती. माणसांनी खांद्यावरून वाहून नेण्याची ती पालखीसारखी बैठक. तिला चाके नव्हती. वाहणारे लोक पायऱ्या चढत, त्यामुळे वाहनही पायऱ्या चढे आणि आत, जोत्यावर, कोरड्या जागी ठेवले जाई. वाहणाऱ्यांच्या खांद्यांचे काय होई, हा विषय वेगळा आणि अस्वस्थ करणारा आहे. पण मचिलेसाठी जोते मोडायची गरज कधी पडली नाही, एवढे खरे.

बैलगाडी बाहेर मांगरात किंवा माडाच्या झावळ्यांच्या खोपीत राही. गुरांचा गोठा जमिनीलगत असे, कारण गुरांना पायऱ्या चढवत नाहीत. मात्र गोठा ओला राहणार हे गृहीत धरूनच बांधलेला असे. तळाला दगड, दगडांना उतार, उताराच्या टोकाला गटार, आणि गटार जाऊन मिळे शेणकईच्या खड्ड्याला किंवा माडाच्या आळ्याला. भिंती अर्ध्याच, वारा खेळता. तिथे ओल येऊ नये असा कोणाचा हट्टच नव्हता. आलेली ओल पुढे निघून जावी एवढीच अपेक्षा होती.

मग विसाव्या शतकात मोटार आली, आणि तिच्यासोबत गॅरेज हा मूळचा फ्रेंच शब्द. मोटारीला चाके असतात आणि वजनही असते. ती पायऱ्या चढत नाही. म्हणून घराच्या इतिहासात प्रथमच अशी एक बंद खोली बांधावी लागली, जिची जमीन रस्त्याच्या आणि अंगणाच्या पातळीला आली. पुष्कळ घरांत तर गोठ्याचेच गॅरेज झाले. गुरे गेली, भिंती पुऱ्या उंचीच्या झाल्या, दाराला शटर आले, उताराच्या दगडांवर सिमेंट पडून गटार बुजले. गोठ्याची जागा तशीच राहिली, पण गोठ्याचे शहाणपण मात्र गेले.

त्यात रस्त्यांची भर पडली. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे डांबर पडते, रस्ता बोटबोट वर येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या पातळीला बांधलेली गॅरेजे आज कित्येक ठिकाणी रस्त्याच्या खाली गेली आहेत. जोते नव्हतेच, आता उलटा खड्डा झाला.

चिरा पाणी पितो

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, जगाच्या भूविज्ञानात 'लॅटराइट' या नावाने ओळखला जातो. हे नाव फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने दिले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर त्याने म्हैसूर, कानडा आणि मलबार या भागांतून प्रवास केला, आणि त्याचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये छापून आले. मलबारात अंगाडीपुरमजवळ त्याने पाहिले की हा दगड खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि उघड्या हवेत ठेवला की विटेसारखा टणक होतो. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून लॅटराइट. आपल्या चिरेखाणीतल्या कामगाराला हे सगळे बुकाननच्या आधीपासून ठाऊक होते, पण नाव देण्याचा मान लिहिणाऱ्याला मिळतो!

चिऱ्याला डोळ्यांना दिसणारी भोके असतात, आणि न दिसणारीही. न दिसणारी जास्त महत्त्वाची. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, आणि नळी जितकी बारीक तितके ते उंच जाते, हा नियम इंग्रज वैद्य जेम्स जुरिन याने १७१८ मध्ये मांडला. हिशेब सोपा आहे. छिद्राची त्रिज्या एक दशांश मिलिमीटर असेल तर पाणी साधारण १५ सेंटिमीटर चढेल. छिद्र याच्या दहापट बारीक असेल तर दीड मीटर. प्रत्यक्ष भिंतीत वाटेत काही पाणी उडून जाते, म्हणून ओल सहसा कमरेच्या आसपास थांबते. समईची वात जसे तेल वर ओढते, तशी भिंत आणि जमीन पाणी ओढत असते.

याच नियमाची दुसरी बाजू अशी की छिद्र मोठे असेल तर पाणी चढतच नाही. मुठीएवढ्या दगडांच्या थरातून पाणी खाली जाईल, पण स्वतः होऊन वर येणार नाही. जुन्या गवंड्यांनी जुरिनचे नाव ऐकले नव्हते, तरी जोत्याच्या पोटात ते मोठे दगडगोटे भरत, ते काही उगाच नव्हे.

शेण, कोळसा आणि चुना

जोत्यावरची जमीन कशी असे? गरिबाघरी आणि पुष्कळ मध्यम घरांतही ती मातीची. माती भिजवून, पसरून, लाकडी चोपण्याने दिवसचे दिवस चोपायची. मग शेणाने सारवायची. काळा गुळगुळीत रंग हवा असेल तर सारवणात करवंट्यांच्या कोळशाची पूड मिसळत. पुढे पुढे टॉर्चच्या संपलेल्या सेलमधली काळी पूडही लोक वापरू लागले.

अशी जमीन ओल अडवत नसे, हे आधी मान्य केले पाहिजे. ती ओल वर येऊ देई आणि हवेत उडून जाऊ देई. थोडे पाणी रोज येई, थोडे रोज जाई, आणि साठत काही नसे. पाण्याबरोबर आलेले क्षार वरच्या सारवणात अडकत. ते सारवण झिजे, पोपडा निघे, त्यावर नवे सारवण पडे. म्हणजे झीज होई ती फुकट मिळणाऱ्या वस्तूची. खालची जमीन शाबूत राही.

फुकट म्हटले खरे, पण वस्तू फुकट होती, श्रम नव्हते. दर आठवड्याला किंवा सणावाराच्या आदल्या दिवशी ओणवे होऊन खोल्याच्या खोल्या सारवणाऱ्या बाया घरच्या असत किंवा मजुरीच्या. पावसात सारवलेले वाळता वाळत नसे. त्याच जमिनीवर अंथरूण, तिथेच तान्ही मुले. आज शेणाच्या जमिनीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

सधन घरांत आणि देवळा-चर्चांत चुन्याची जमीन असे. आपल्याकडे चुनखडीच्या डोंगरांची चैन नाही, तेव्हा चुना यायचा तो नदी-खाडीतल्या शिंपल्यांपासून. खुबे, तिसऱ्या, कालवे खाऊन उरलेली कवचे भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, आणि तो चुना खडीबरोबर चोपून जमीन करायची. तिला कोबा म्हणत. हा शब्द मूळचा या चुन्याच्या जमिनीचा. पुढे सिमेंटने जागा घेतली तेव्हा शब्दही घेतला, आणि आज कोबा म्हटले की सिमेंटच डोळ्यांसमोर येते. पण दोहोंत मोठा फरक आहे. चुन्याचा कोबा शेणाच्या जमिनीसारखाच श्वास घेतो, पाण्याची वाफ त्यातून आरपार जाते. सिमेंटचा दाट कोबा ती फारच कमी जाऊ देतो.

सिमेंटचा हक्क

ज्याला आज आपण पोर्टलँड सिमेंट म्हणतो, त्या नावाचे पेटंट जोसेफ ॲस्प्डिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये घेतले. आपल्या गावागावांत मात्र सिमेंट खऱ्या अर्थाने पोचले ते मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतर. तेव्हाही ते सहज मिळत नसे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, परवान्यासाठी खेटे घालावे लागत. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णपणे. ज्या घरात त्या काळी सिमेंटचा कोबा झाला, तिथे लोक बघायला येत.

यात केवळ हौस होती असे समजणे अन्यायाचे होईल. भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला पक्के घर बांधू दिले जात नसे. पक्के घर म्हणजे पक्का हक्क, हे भाटकाराला कळत होते. मातीची भिंत आणि शेणाची जमीन ही त्याच्या दृष्टीने केव्हाही हलवता येणारी गोष्ट. १९७५ च्या मुंडकार कायद्याने या कुटुंबांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. त्यानंतर ज्यांनी पहिल्यांदा सिमेंटचा कोबा घातला, त्यांच्यासाठी तो कोबा म्हणजे आता आपल्याला कोणी उठवू शकत नाही याची खूण होती. सारवणाऱ्या बाईच्या कमरेला विसावा मिळाला तो वेगळाच.

म्हणून सिमेंटला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. सिमेंटने दिलेले सुख खरे आहे. चूक झाली ती एवढीच की सिमेंट घातले म्हणजे ओल संपली, असा समज झाला. पाणी संपले नव्हते, त्याची वर उडून जाण्याची वाट तेवढी बंद झाली होती. जमिनीच्या मधोमध वाट मिळाली नाही म्हणून ते बाजूला सरकले आणि भिंतीतून चढू लागले. भिंतीलाही कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ते आणखी वर गेले. ओल कमरेवरून छातीपर्यंत आली म्हणून लोक आणखी वरपर्यंत सिमेंट करतात, आणि पाणी आणखी वर जाते!

रस्त्याच्या दोन बाजूंची दोन चर्चे

गिलाव्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल तर जुन्या गोव्यात जावे. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला बॉम जेझुसचे बॅसिलिका. दोन्ही इमारती मुख्यत्वे चिऱ्याच्या. कॅथेड्रल चुन्याने पांढरे राखलेले आहे. बॅसिलिका तांबडे, उघड्या चिऱ्याचे. पुष्कळांना वाटते की ते पहिल्यापासून तसेच होते. १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये ज्याचा अभिषेक झाला त्या बॅसिलिकालाही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तो चिरा थेट अंगावर घेत आहे. चिरा झिजतो आहे, आणि पुन्हा गिलावा चढवावा की नाही यावर २०२० नंतर जाहीर चर्चा झाली.

तिथे पाणी बाहेरून येते, गॅरेजमध्ये खालून. पण धडा एकच. चुन्याचा गिलावा ही चिऱ्याची कातडी आहे. ती पाणी झेलते, आतले पाणी बाहेर सोडते, आणि स्वतः झिजून दगड वाचवते. कातडी सोलून काढणे हा एक अपराध, आणि तिच्यावर सिमेंटचे चिलखत चढवणे हा दुसरा.

मग गवंड्याला काय सांगायचे?

आधी ओल कोणती ते ओळखायचे. हात-दीड हात चौरस प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. एक दिवसाने पाहावे. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला असतील तर पाणी जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूला असतील तर ते हवेतले बाष्प, गार जमिनीवर धरलेले. बाष्पासाठी जमीन खणण्यात अर्थ नाही. त्याला वारा हवा. भिंतीत वर आणि खाली जाळ्या ठेवल्या, शटरच्या जागी जाळीचे दार लावले, तरी पुष्कळ काम होते.

तिसरा एक प्रकार आहे, तो आपल्या किनारपट्टीचा खास. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढते. खाडीच्या मुखाकडची खारी वाळू न धुता बांधकामात वापरली असेल, किंवा वर्षानुवर्षे जमिनीत लोणा साठला असेल, तर खालचे पाणी तोडले तरी ती जमीन जून ते सप्टेंबर ओलसरच राहते. पांढरी पूड दिसली की ती कोरड्या झाडूने झाडून बाहेर टाकावी. पाण्याने धुतली तर ती परत आत शिरते.

ओल जमिनीतूनच येत असेल तर ऑगस्टमध्ये आधी विहिरीत डोकवावे. पाणी काठाला हात लागेल इतके वर असेल आणि गॅरेजची जमीन त्याच पातळीच्या आसपास असेल, तर कोणताही रंग, कोणतेही रसायन वरून लावून टिकणार नाही. खालून येणारे पाणी त्याला फोड आणून उचलून टाकते. पाण्याला बाहेरच वाट दिली पाहिजे. पागोळ्यांखाली पन्हळ, भिंतीपासून दूर जाणारा अंगणाचा उतार, आणि भिंतीच्या बाहेरून गॅरेजच्या जमिनीपेक्षा खोल असा खडीने भरलेला चर, ज्याचे टोक उताराला मोकळे सुटते. हेच गोठ्याचे बुजलेले गटार. ते पुन्हा उघडायचे आहे, एवढेच.

त्यानंतर जमीन नव्याने करायची असेल तर जुरिनचा नियम उपयोगी पडतो. खणून तळाला मोठ्या दगडांचा थर, त्यात बारीक भुकटी नको. वर थोडी वाळू. त्यावर पाव मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद, जोडाला चांगला हातभर एकावर एक घेतलेला आणि भिंतीकडे वर वळवलेला. मग काँक्रीट, दाराकडे उतार ठेवून. भिंत जुन्या चिऱ्याची असेल तर तिच्या लगत वीतभर रुंदीची पट्टी खडीची मोकळी सोडावी, म्हणजे अडलेल्या पाण्याला भिंतीखेरीज दुसरी वाट राहील. आणि त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून चुन्याचा करावा. तो काही वर्षांनी झडेल. झडू द्यावा, आणि पुन्हा करावा. सारवणासारखेच ते आहे, फक्त दर आठवड्याऐवजी काही वर्षांनी.

आणि एवढा खर्च करायचा नसेल तर? तर एक साधा विचार करावा. मोटारीला कोरडी जमीन लागतेच असे नाही. तिला वारा लागतो. बंद, दमट गॅरेजपेक्षा उघड्या मांडवाखाली ती कमी गंजते. तेव्हा सिमेंट काढून चिरे किंवा फरशा वाळूवर मोकळ्या सांध्यांनी बसवल्या, भिंतींना जाळ्या ठेवल्या, तर ती खोली पुन्हा गोठ्यासारखी श्वास घेऊ लागेल. ओल येईल आणि जाईल. कोरडे राहायला हवे ते गॅरेजमध्ये आपण कोंबलेले सामान. तांदळाची गोण, पुस्तकांची खोकी, चतुर्थीच्या माटोळीचा लाकडी सांगाडा. त्यांच्याखाली चार चिरे मांडावेत, चिऱ्यांवर फळ्या टाकाव्यात, आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. मोटार पायऱ्या चढत नाही म्हणून साऱ्या खोलीचे जोते गेले, पण सामानाला त्याचे जोते द्यायला कोणाची हरकत आहे?